न मोजलेली रांग

गेल्या दसऱ्याच्या सुमारास काही कामानिमित्त आमचे उदगीर-जळकोट भागात जाणे झाले. जळकोटला एका परिचित कुटुंबाच्या आग्रहाखातर थांबलो. चहाचे कप खाली ठेवतो न ठेवतो तोच शेजारच्या घरातील एक तरुण माता कडेवर मूल आणि हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन ओसरीशी येऊन उभी राहिली. पिशवीत तिची सारी कागदपत्रे होती: माता-बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीच्या ताईंची चिठ्ठी, एका दवाखान्याचा केसपेपर आणि दुसऱ्या दवाखान्याची तारीख लिहिलेला कागदाचा तुकडा. मूल साडेतीन वर्षांचे होते. ते बोलत नव्हते. आईने नावाने हाक मारली तरी वळून पाहत नव्हते. ओसरीवर उलटी करून ठेवलेली एक सायकल होती. तिचे चाक ते तल्लीन होऊन फिरवीत होते आणि चाक थांबले की पुन्हा फिरवीत होते.

“फादर, मोठ्या दवाखान्यानं तारीख दिलीया,” ती म्हणाली. “पर ती पडती दिवाळीच्या मागं. तवर आमी गावात नसताव. मुकादमाची उचल घेतलीया. तुमी एक चिठ्ठी लिवून द्या की साहेबाला, तारीख अलीकडं घ्या म्हणून.”

आम्ही चिठ्ठी लिहून दिली. तिचा काही उपयोग झाला नाही, हे पुढे कळले. त्या दवाखान्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही; तेथे बसलेला माणूसही एका लांबलचक यादीपुढे हतबल असतो. तथापि त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. एखाद्या मुलाला स्वमग्नता आहे, की त्याचा केवळ भाषाविकास मंदावला आहे, की त्याला ऐकूच येत नाही, एवढे ठरविण्यासाठी एका आईला किती काळ तिष्ठत राहावे लागावे? आणि तोवर त्या मुलाचे काय?

जळकोट हा लातूर जिल्ह्याचा, नांदेडच्या सीमेला टेकलेला डोंगराळ तालुका. वाड्या आणि तांडे विखुरलेले, जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. खरिपाचे सोयाबीन निघाले की अनेक कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांची वाट धरतात ती उन्हाळ्यातच परततात. एवढा संदर्भ मनात असल्याशिवाय त्या आईच्या वाक्याचा अर्थ कळणार नाही. तिची तारीख आणि तिची उचल एकाच पंधरवड्यात आली होती, आणि त्या दोहोंपैकी उचल मोडता येत नाही.

शासनाने काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये झाला तो आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची तपासणी करावी, जन्मजात व्यंगे, आजार, जीवनसत्त्वादींच्या कमतरता आणि विकासातील विलंब ही चारही अंगे पाहावीत, असा त्याचा उद्देश. फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा जावे, संशय आल्यास मुलाला वरच्या रुग्णालयात आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावे, अशी त्याची साखळी आहे. त्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, श्रवण व वाचा-उपचारतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक एकाच छताखाली असावेत, अशी ही मांडणी. कागदावर यापेक्षा सुज्ञ योजना सुचविणे आम्हांस तरी जमणार नाही.

मग अडते कोठे? आमच्या मते पहिली अडचण दिनदर्शिकेची आहे. पथकाच्या वर्षातील दोन भेटींपैकी एक भेट हमखास त्या महिन्यांत पडते, जेव्हा तांडा ओस पडलेला असतो. मूल त्या वेळी कारखान्याच्या परिसरात पालात असते. तेथील अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव नसते आणि गावातील पटावर ते गैरहजर असते. अशा रीतीने एक वर्ष जाते. दोन वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे त्याचे अर्धे आयुष्य होय. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा काढण्याचा विचार महाराष्ट्राला सुचला, कारण शाळा बुडते हे डोळ्यांना दिसते. तपासणी बुडते ती दिसत नाही.

दुसरी अडचण अंतराची. जळकोटहून उदगीर जवळ आहे. परंतु बालविकासाचे तज्ज्ञ बहुधा लातूरला किंवा नांदेडला भेटतात, आणि तेही एकाच दिवशी एकाच जागी भेटतील याची खात्री नसते. त्या मातेला आधी मुलाचे कान तपासून आणण्यास सांगितले गेले होते. हे योग्यच होते. जे मूल ऐकत नाही ते बोलणार कसे? ज्याला बोलीभाषेत बेराची तपासणी म्हणतात, ती करण्यासाठी मूल झोपलेले असावे लागते. पहाटेच्या एसटीने निघून, दोन गाड्या बदलून, भर दुपारी परक्या खोलीत साडेतीन वर्षांचे बेचैन मूल झोपवून दाखविणे ही काय कसरत आहे, हे ज्याने लेकरू वाढविले आहे त्यालाच कळेल. पहिल्या खेपेस ते झोपले नाही. दुसरी तारीख मिळाली. दुसऱ्या खेपेस तपासणी झाली, कान ठीक निघाले, आणि मग ‘डोक्याच्या’ तपासणीची तारीख पडली ती दिवाळीनंतरची. २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, हा तिला मोठाच आधार. दिव्यांगांनाही प्रवास सवलत आहे. पण ती प्रमाणपत्र मिळाल्यानंतर. म्हणजे ज्या हेलपाट्यांसाठी सवलत हवी, ते सारे हेलपाटे संपले की सवलत सुरू होते.

येथे प्रमाणपत्राविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या देशात निदान आणि प्रमाणपत्र या दोन गोष्टी एकमेकींत पार गुंतून गेल्या आहेत.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकारांची नोंद होती. स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा झाला आणि त्यात प्रथमच स्वमग्नतेचे नाव आले. त्यामागे पालकांच्या अनेक वर्षांच्या खटपटी होत्या. दिल्लीत १९९१ मध्ये ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था स्थापन करणाऱ्या मेरी बरुआ या स्वतः एका स्वमग्न मुलाच्या आई. पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, सातांचे एकवीस प्रकार झाले आणि स्वमग्नतेला तेथे रीतसर जागा मिळाली. त्याच वर्षी केंद्र शासनाने स्वमग्नतेच्या प्रमाणपत्रासाठी भारतीय मापनश्रेणी अधिसूचित केली. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या या श्रेणीत चाळीस मुद्दे आहेत. प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली बेरीज आली तर स्वमग्नता नाही, त्यापुढे सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्या. मूल नजरेला नजर देते काय, एकटेच रमते काय, ऐकलेले शब्द पोपटासारखे पुन्हापुन्हा म्हणते काय, असे हे मुद्दे आहेत. प्रशिक्षित माणसाने मुलासोबत वेळ घालवून, आईवडिलांशी सविस्तर बोलून ते भरावयाचे असतात. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात दहा मिनिटांत ते भरले गेले तर त्याचे मोल काय, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितो.

हे मापन तीन वर्षांपुढील मुलांसाठी आहे. ज्या मुलाचा केवळ भाषाविकास रेंगाळला आहे, त्याची स्थिती तर आणखी विचित्र. कायद्यातील ‘वाणी व भाषा दिव्यांगता’ ही व्याख्या कायमस्वरूपी दोषासाठी आहे. स्वरयंत्र काढून टाकावे लागलेल्या किंवा मेंदूच्या आजाराने वाचा गेलेल्या माणसाचा विचार तिच्यात प्राधान्याने झाला आहे. अडीच वर्षांचे, चार शब्दांवर अडलेले मूल त्यात बसत नाही. त्याला काही झालेले नाही असेही म्हणता येत नाही आणि काही झाले आहे असे लिहूनही मिळत नाही. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना, शासनाचे वैश्विक ओळखपत्र, शाळेतील सवलती यांची दारे प्रमाणपत्राने उघडतात. कायद्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. सार्वजनिक पैसा द्यावयाचा तर पुरावा हवाच. दोष एवढाच, की पैशासाठी लावलेली ही अट नकळत मदतीसाठीही लागू झाली. निदान नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून उपचार नाहीत, आणि उपचार नाहीत म्हणून मूल आहे तेथेच आहे.

वस्तुतः मुलाला मदत सुरू करण्यासाठी नावाची गरज नसते. हा आमचा भाबडा आशावाद नव्हे. आपल्या शेजारच्या गोव्यात हे तपासून पाहिले गेले आहे. तेथील ‘संगत’ या संस्थेच्या आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या संशोधकांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसह एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात आले. दोन ते नऊ वयाची पासष्ट स्वमग्न मुले तीत होती. विशेष हे, की मदत करणारे तज्ज्ञ नव्हते, तर थोडे प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत बारा बैठका. आई मुलाशी खेळत असताना त्याचे चित्रण करावयाचे आणि मग ते तिच्यासोबत बसून पाहावयाचे: येथे लेकराने तुमच्याकडे पाहिले, येथे तुम्ही थांबलात, येथे तुम्ही घाई केलीत. आईने मुलाच्या कलाने घेण्यात मोठा फरक पडला आणि मुले स्वतःहून आईकडे वळण्याचे प्रमाण वाढले. मुले धडाधड बोलू लागली असा दावा त्यांनी केला नाही, आणि म्हणूनच आमचा त्यांच्यावर विश्वास बसतो. ती मुले निदान झालेली होती, हे खरे. परंतु आईने मुलाच्या नजरेच्या पातळीवर बसावे, ते ज्या वस्तूत रमले आहे तिच्याविषयीच बोलावे, दोन शब्द बोलून थांबावे, त्याच्या उत्तराची वाट पाहावी, या गोष्टी मूल स्वमग्न निघाले तरी उपयोगी आणि न निघाले तरी निरुपद्रवी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही विकासात मागे पडलेल्या मुलांच्या पालकांसाठी याच धर्तीचा कौशल्य-प्रशिक्षण कार्यक्रम तयार केला आहे. त्यात शिरण्यासाठी निदानाचा कागद लागत नाही.

गोव्यात जे साधे कार्यकर्ते करू शकले ते जळकोटच्या आशा व अंगणवाडी सेविका का करू शकणार नाहीत? नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला अंगणवाडीत व गावाच्या कार्यक्रमांत सामावून घेणे आणि पुढे पाठवणी करणे, अशी तिची दिशा आहे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. लातूर शहरात उमंग ही स्वमग्न व बहुविकलांग मुलांसाठीची संस्था उभी राहिली आहे. धागे आहेत; कोणी विणावयाचे तेवढे राहिले आहे. ज्या अंगणवाडीताईंनी आमच्या या मुलाची चिठ्ठी लिहिली, त्यांनी आपले काम चोख केले. पण त्या चिठ्ठीनंतर ‘आता घरी असे असे करा’ हे सांगण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिले नव्हते. पोषण आहार, वजने, लसीकरण, नोंदवह्या आणि मोबाईलवरील माहिती यांत त्यांचा दिवस बुडालेला असतो, हेही विसरून चालणार नाही.

ही मुले थोडी आहेत असेही नाही. देशातील पाच ठिकाणी, ज्यांत उत्तर गोवाही होते, ३,९६४ मुलांची घरोघरी जाऊन पाहणी करण्यात आली. तिचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ते नऊ वयाच्या मुलांपैकी जवळपास बारा टक्क्यांत दृष्टी, श्रवण, भाषा, बुद्धी, अपस्मार, स्वमग्नता आदींपैकी किमान एक अवस्था आढळली. म्हणजे दर आठ मुलांमागे जवळजवळ एक.

इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातही या रांगा आहेत. तेथील मार्गदर्शक सूचनांनुसार पाठवणीनंतर तीन महिन्यांत मूल्यमापन सुरू व्हावयास हवे. प्रत्यक्षात २०२५ मध्ये दोन लाखांहून अधिक माणसे ताटकळत होती. लाजिरवाणा आकडा; पण तो आकडा आहे, तो संसदेत विचारला जातो, वर्तमानपत्रांत छापला जातो. आपल्याकडे किती मुले तपासली आणि किती पुढे पाठवली याचे आकडे निघतात. पाठवलेली आई प्रत्यक्ष तपासणीपर्यंत किती दिवस थांबली, हा आकडा जिल्ह्याच्या आढाव्यात कोणी विचारल्याचे आमच्या तरी वाचनात नाही. गंमत पाहा, हा जिल्हा ‘लातूर पॅटर्न’चा. गुणवत्ता यादीतील अर्ध्या गुणाचा हिशेब येथे लहान मुलालाही सांगता येतो. अशा जिल्ह्यात थांबण्याचे दिवस मोजणे कठीण जाऊ नये.

रांगेत उभ्या असलेल्या माणसाशेजारी नेहमीच कोणी ना कोणी काही विकावयास येऊन उभे राहते. आधी येतात ते घरचेच सल्ले. “ह्याचा बाप बी चौथ्या वर्षी बोलला,” असे सासूबाई म्हणतात, आणि त्या सर्वस्वी चुकत नाहीत. दुसऱ्या वर्षी मागे असलेली बरीच मुले पुढे आपोआप भरून काढतात. अडचण ही, की भरून काढणारे मूल कोणते आणि अडून राहणारे कोणते हे त्या वयात आजीला कळत नाही, तसे डॉक्टरांनाही केवळ पाहून कळत नाही. म्हणून खुणा लक्षात ठेवाव्यात: वर्षाचे झाले तरी बडबड नाही किंवा बोटाने दाखविणे नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे नाही, किंवा कोणत्याही वयात आलेले बोल हरपले, तर थांबू नये. घरात मराठी, तांड्यावर गोरमाटी आणि बाजारात उर्दू किंवा कन्नड असेल, तर “दोन भाषांनी गोंधळलंय” असेही सांगितले जाते. दोन भाषांमुळे मूल मुके होत नाही, स्वमग्नही होत नाही. त्याला येणारे शब्द सगळ्या भाषांतील मिळून मोजावेत, आणि आईने आपली भाषा मुळीच सोडू नये; जी भाषा तिच्या ओठांवर सहज येते तीच लेकराला लवकर पोहोचते.

मोबाईलचा दोष किती, हे आम्हांस वारंवार विचारले जाते. मोबाईलने स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. पण पडद्यापुढे गेलेला तास हा बोलण्यातून वजा झालेला तास असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच आणि दोन ते चार वयात तासाभराच्या आत असे सुचविले आहे. लसीची भीतीही अजून ऐकू येते. लस आणि स्वमग्नता यांची सांगड घालणारा १९९८ चा तो कुप्रसिद्ध लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला आणि लेखक अँड्र्यू वेकफील्ड यांची वैद्यकीय नोंदणीही त्याच वर्षी रद्द झाली. तो लेख मेला, त्याची भीती मात्र मेली नाही. शहरांतून मूलपेशींचे, म्हणजे स्टेम सेलचे उपचार लाखो रुपयांना विकले जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यांना स्वमग्नतेसाठी मान्यता नाही, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानेही २०२२ मध्ये त्यांची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले. शेत गहाण टाकण्यापूर्वी एवढे प्रत्येक बापाला ठाऊक असावे.

सर्वांत कठोर सल्ला असतो तो आईला दोष देणारा. “तूच लेकराशी बोलत नसशील.” “गरोदरपणात ग्रहण पाळलं नसशील.” आमच्या या मातेनेही हे सारे ऐकले होते. हा अपराध केवळ अडाणी लोकांचा नव्हे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला नाव दिले, त्यानंतरची दोन-तीन दशके अमेरिकेतील मोठमोठे विद्वान आईच्या थंडपणालाच कारण मानीत राहिले. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर एक आख्खे पुस्तक लिहिले. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने हे मूळ मेंदूच्या घडणीत आहे असे मांडले होते. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. विद्वानांना जे दिसले नाही ते एका बापाला दिसले.

आता थोडे आपल्याविषयी, कारण हात झटकून मोकळे होण्याचा अधिकार आम्हांसही नाही. भगताकडे नेणाऱ्यांवर आपण टीका करतो; परंतु आरोग्यदानाच्या प्रार्थनासभेत मुलाच्या मस्तकावर हात ठेवून “आता दवाखान्याची गरज नाही” असे कोणी सांगितले, तर त्यात आणि भगतात काय फरक राहिला? असे सांगितले गेल्याचे आम्ही ऐकले आहे, आणि त्यामुळे एका कुटुंबाची दोन वर्षे गेलेलीही आम्ही पाहिली आहेत. प्रार्थना जरूर करावी, तारीखही पाळावी. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात बहिऱ्या-तोतऱ्या माणसाची हकिकत आहे. प्रभूने प्रथम त्याला गर्दीतून बाजूला नेले, ही बारीक गोष्ट आम्ही उपदेशांत बहुधा गाळतो. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलासाठी गर्दीतून बाजूला एक जागा, एवढे तर कोणत्याही धर्मग्रामाला करता येईल. मिस्सा चालू असताना मूल ओरडले की चार माना वळतात, आणि पुढच्या रविवारी ते कुटुंब येत नाही. पोप फ्रान्सिस नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनमध्ये स्वमग्न मुलांना व त्यांच्या कुटुंबीयांना भेटले, तेव्हा या घरांचा एकाकीपणा मोडून काढण्याचा आग्रह त्यांनी धरला होता. २०२० च्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेनुसार दिव्यांग व्यक्तीला संस्कार नाकारता येत नाहीत. बोलता येत नाही म्हणून एखाद्या मुलाचे पहिले कम्युनियन लांबविणाऱ्या शिक्षकांनी, आणि धर्मगुरूंनीही, ती वाचावी.

आपल्या धर्मभगिनींचे दवाखाने आणि बालवाड्या मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांत आहेत. तेथील दोघी-तिघींना हे घरी करावयाचे शिक्षण मिळाले आणि कागदपत्रे घेऊन कोणी एक माणूस आईबरोबर एसटीत बसला, तर त्यासाठी इमारत लागत नाही की देणगीदारही लागत नाही. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना दसऱ्यापूर्वीच्या तारखा प्राधान्याने द्याव्यात, ही मागणी मात्र शासनाकडेच करावी लागेल. ती ग्रामसभेत व्हावी, तालुक्याच्या आमसभेत व्हावी; आणि तारखांचा हा हिशेब ऊसतोडीच्या हंगामाशी जोडून मांडावा, म्हणजे अधिकाऱ्यांना तो कळेल.

त्या मातेची हकिकत सांगावयाची राहिली. ते कुटुंब दिवाळीनंतरच्या आठवड्यात टोळीबरोबर गेले. तारखेच्या दिवशी आमचे यजमान स्वतः दवाखान्यात जाऊन आले. मूल नसल्याने तपासणी होणे शक्यच नव्हते, पण नाव यादीतून कटू नये एवढी खबरदारी त्यांनी घेतली. जाण्यापूर्वी आम्ही त्या आईला चाकापाशी बसून दाखविले होते: लेकरू चाक फिरविते तेव्हा तुम्हीही फिरवा, थांबवा, “फिरव” म्हणा, आणि मग गप्प राहून त्याच्याकडे पाहा. तिने ते दोनदा केले. तिसऱ्या वेळी मुलाने चाकावरून हात काढून तिच्या हाताला लावला. शब्द काही आला नाही. पालात सायकल नसते, हे आम्हांस नंतर सुचले.

कागदांची पिशवी ती यजमानांकडे ठेवून गेली आहे. पालात भिजेल म्हणून. तिच्यात आता एक कागद वाढला आहे. त्यावर मे महिन्यातील तारीख आहे.